शालिकरामनं पोरीला बसमध्ये बसवलं

सावलीच्या बाजारात मासळीवाले एका ओळीनं बसतात. त्या ओळीत शालिकरामच्या घमेल्यापुढं कायम गर्दी, आणि त्यावरून बाकीच्यांचा नुसता जळफळाट. माणूस गोडबोल्या असता तर एक वेळ समजलं असतं. पण हा बाबा तोंडातून शब्द काढायला महाग. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं तरी मान वर करायचा नाही. फक्त कुणी विचारलं, "भाऊ, हे सांजेपर्यंत जितं राहीन काय?" की मग घमेल्यावर वाकायचा, थोडा वेळ पाण्यात बघायचा आणि बोटानं दाखवायचा, "हे राहीन. ते नाई राहत." आणि तसंच व्हायचं. ज्याच्या घरी पाहुणे उशिरा पोचणार असत, तो मासळी शालिकरामकडूनच न्यायचा.

लोकांची एक खोड असते. घमेल्यात जी मासळी जास्त उड्या मारते तिच्यावर पटकन बोट ठेवतात. वाटतं, हीच खरी जिवंत. शालिकरामनं स्वतः हीच चूक केली होती, आणि तीही ढिवराच्या घरात जन्मून. तेव्हा तो विशीचा असेल. गावात एका घरी लग्न होतं, दुसऱ्या दिवशीच्या जेवणासाठी जिवंत मासळी टाक्यात सोडून ठेवायची होती. त्यानं जाळ्यातून वेचून वेचून सगळ्यात धडपडणारी मासळी काढली आणि मोठ्या ऐटीत नेऊन दिली. सकाळी बघतात तर सगळी उलटी होऊन तरंगतेय. नवरदेवाच्या काकानं त्याचा बाप सुकलू याला चारचौघांत नको नको ते ऐकवलं. सुकलूनं मात्र पोरावर हात उचलला नाही. तलावाच्या पाळीवर नेऊन बसवलं आणि म्हणाला, "जे लय उडते ना, ते जाऊनच राह्यलं असते. उड्या नोको पाहू. कल्ले पाय तिचे. कल्ले दमानं चालून राह्यले असन, तेच टिकन." तेव्हापासून शालिकराम कल्ले बघायला शिकला. पुढची तीस वर्षं त्याचा अंदाज चुकला नाही. एकदाच चुकला असता तर किती बरं झालं असतं, असं त्याला नंतर फार वाटायचं.

त्याची बायको गोकुळा म्हणजे त्याच्या अगदी उलट. घमेल्यामागं दोघं शेजारी बसत. बोलायचं काम सगळं तिच्याकडं. येणाऱ्याजाणाऱ्याची फिरकी घ्यायची, कुणाच्या सुनेची चौकशी करायची, कुणा म्हाताऱ्याला "बुवा, दात त नाई, काटे कोन काढून देते?" म्हणून हसवायचं. तिच्या हसण्याचा आवाज भाजीच्या ओळीपर्यंत जायचा. शालिकराम कधी हसायचा नाही, पण ती एखाद्या बाजाराला आली नाही तर त्या दिवशी त्याला दिवस खायला उठायचा. हे त्यानं तिला आयुष्यात कधी सांगितलं नाही. आता सांगायला ती नाही.

काही वर्षांमागं एका पावसाळ्यात गोकुळाच्या पोटात दुखायला लागलं. आधी गावातले उपाय झाले, मग सावली, मग चंद्रपूर, मग नागपूर. पोटात गाठ निघाली आणि ती फार पसरलेली निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी शालिकरामला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरी न्या, खायला जे मागतील ते द्या, उन्हाळा काढतील असं वाटतं. शालिकरामनं हे जसंच्या तसं पोरीला सांगितलं. लपवाछपवी त्याला जमतच नव्हती. पोरीनं 'उन्हाळा' एवढा एक शब्द धरून ठेवला. तेव्हा जानेवारी होता.

रुपाली त्यांची एकुलती एक. बी.ए. झालेली, चार वर्षं सरकारी भरतीच्या मागे लागलेली. पहिल्या वेळी पेपर फुटला म्हणून परीक्षाच रद्द झाली. दुसऱ्या वेळी अर्ज भरून दीड वर्ष झालं तरी तारीखच निघाली नाही. मामानं स्थळं आणायला सुरुवात केली होती आणि शेवटी ठरलं ते असं, की यंदाची परीक्षा द्यायची. नाही जमलं तर उन्हाळ्यात लग्न. रुपालीनं ते कबूल केलं होतं. गोकुळाला मात्र ते कबूल नव्हतं. "माया पोरीनं खुर्चीवर बसाव," एवढंच ती म्हणायची. स्वतः सत्तावीस वर्षं उकिडवी बसलेली बाई, तिला खुर्चीचं मोल ठाऊक होतं.

सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, आईची खाट, खाटेच्या पायथ्याशी बाप जाळं दुरुस्त करत बसलेला, आणि भिंतीला टेकून पोरगी मोठ्यानं पाठ करतेय, असं त्या घराचं दुपारचं चित्र होतं. इंग्रजी तिचं कच्चं. समानार्थी शब्दांची एक जाड वही तिनं केली होती. एके दुपारी ती दोन शब्दांपाशी अडून बसली. लाइव्हली आणि व्हिवेशस. गाइडमध्ये दोन्हींपुढं मराठीत एकच अर्थ छापलेला, 'चैतन्यशील, उत्साही'. सराव पेपरात मात्र दोन वेळा तिचं उत्तर चुकलं. तिनं वही आपटली तसं शालिकरामनं वर बघितलं.

"काय झालं?"

"बाबा, दोन शब्द हायेत. दोन्हीचा अर्थ एकच, अन् तरी येकाच्या जागी दुसरा टाकला त चूक."

"मंग येक नसन अर्थ," शालिकराम म्हणाला. जाळ्याचा गाठ मारलेला धागा त्यानं दातानं तोडला. "नीट पाय."

मोबाइलवर शिकवणाऱ्या मास्तरांचा एक व्हिडिओ तिनं शोधला, दोनदा ऐकला आणि मग बापालाच समजावून सांगायला बसली. दुसऱ्याला सांगितलं की आपल्या डोक्यात बसतं, म्हणून. लाइव्हली कशालाही म्हणता येतं. खेळकर पोराला म्हणा, भरलेल्या बाजाराला म्हणा, गाण्याला म्हणा, तुमच्या मासळीलासुद्धा म्हणा. व्हिवेशस मात्र माणसालाच म्हणतात, आणि त्यातही जास्त करून बाईला. जिचा जिवंतपणा डोळ्यांत दिसतो, बोलण्यात दिसतो, हसण्यात दिसतो, जी आली की बाकीच्यांना बरं वाटतं, ती व्हिवेशस.

"म्हंजे मासळीले हा दुसरा शब्द लागत नाई."

"नाई."

"मंग तो वरून दिसते त्याचा शब्द हाय," शालिकराम विचार करून म्हणाला. "आत कल्ले कसे चालून राह्यले ते त्याच्यात नाई येत."

"तसं काई मास्तर नाई म्हणाले बाबा. पण चालन, ध्यानात राहाले बरं हाय."

"अन् तुयी माय?"

"आई दोन्ही होती," रुपाली म्हणाली, आणि 'होती' म्हटल्याबरोबर तिचं तिलाच कळलं. शालिकराम पुन्हा जाळ्यावर वाकला.

खाटेवरून आवाज आला, अगदी बारीक, "काय म्हणून राह्यली गं मले? इंग्रजीत शिव्या देऊन राह्यली काय?"

त्यावर तिघंही हसले. शालिकरामसुद्धा हसला. त्या घरातलं तिघांचं मिळून शेवटचं हसू ते. निदान शालिकरामच्या हिशेबी तरी तेच शेवटचं, कारण त्यानंतर घरात जे हसणं झालं त्यात तो नव्हता.

परीक्षा फेब्रुवारीच्या शेवटी आली. चंद्रपूरला सेंटर, दुपारी एकचा पेपर, साडेअकराला आत जायचं, मोबाइल बाहेरच्या बॅगेत ठेवायचा. गावातून आठची बस. आधीचे पंधरा दिवस गोकुळा नुसती पडून होती. दिवसाला दोन चमचे पेज जायची, तीही कधी बाहेर यायची. डोळे उघडायचे, मिटायचे. रुपाली रोज म्हणायची मी जात नाही, आणि शालिकराम रोज म्हणायचा तवाचं तवा पाहू.

परीक्षेच्या दिवशी सकाळी शालिकराम चूल पेटवत होता. मागून आवाज आला, "अवो, मले चहा द्या. चांगला गोड."

वळून बघतो तर गोकुळा खाटेवर उठून बसलेली. पंधरा दिवस मान न उचललेली बाई स्वतःच्या हातानं पदर सारखा करत होती. गालांवर लाली, डोळ्यांत चमक. चहा तिनं कपभर घेतला आणि वर खारी मागितली. रुपालीला जवळ बोलावून तिच्याकडून केस विंचरून घेतले. "हे ओढणी घालून जातं व्हय गं परीक्षेले? साहेब म्हणन, ढिवराचं जाळंच पांघरून आली." शेजारची रिना भांडं मागायला आली आणि दारातच उभी राहिली. गोकुळानं तिलाही सोडलं नाही. तिच्या नवऱ्याच्या घोरण्यावरून तिची अशी काही फिरकी घेतली की रिना हसता हसता डोळे पुसायला लागली. पुढच्या बाजाराला आपण येणार, घमेल्यामागं बसणार, शालिकरामला बोलता येत नाही म्हणून धंदा बुडत चाललाय, हेही गोकुळानं जाहीर करून टाकलं.

रुपाली तर हरखून गेली. चुलीपाशी येऊन बापाच्या कानाशी म्हणाली, "बाबा, पाहा ना. आई पह्यलेसारखी झाली. तो शब्द हाय ना, व्हिवेशस, अगदी तसी."

शालिकराम खाटेपाशी गेला. पायावरचं पांघरूण नीट करायचं निमित्त करून त्यानं गोकुळाच्या पावलांना हात लावला. पावलं गार होती, घोट्याच्या वरपर्यंत गार. मग तो तिच्या गळ्याकडं बघत राहिला. ती बोलत होती, हसत होती, आणि गळ्याखालची खळगी भरभर आत जात होती, मध्येच थांबत होती, पुन्हा भरभर. त्याला कुणी डॉक्टरकी शिकवली नव्हती. पण जे कळायचं ते त्याला कळलं. देवा, आज नको, एवढंच तो मनात म्हणाला. उद्या ने, पण आज नको.

साडेसात झाले. रुपालीनं बॅग खांद्याला लावली, आणि पुन्हा खाली ठेवली. "मले जावंसं नाई वाटून राह्यलं. आई एवढ्या दिवसांनी बोलून राह्यली. तिच्यापाशी बसाव वाटते."

"जाय वो बाई," गोकुळा म्हणाली. "मी काय पळून जाऊन राह्यली? सांजेले येजो, मंग बोलत बसू."

रुपाली बापाला आवारात घेऊन आली. तिला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. "बाबा, तुमी खरं सांगा. आई बरी हाय ना? जाऊ मी?"

आता बघा, या माणसानं अख्ख्या आयुष्यात कुणाला खोटं सांगितलेलं नाही. पाच मिनिटांत मरणारी मासळी त्यानं कधी कुणाच्या पिशवीत घातली नाही. समोर पोटची पोर उभी, आणि उत्तर एका शब्दाचं. खरं सांगितलं तर ती थांबणार, आईच्या उशाशी बसणार, आणि उन्हाळ्यात मामानं आणलेल्या कुठल्यातरी घरात, कुठल्यातरी घमेल्यामागं उकिडवी बसणार. जी गोष्ट गोकुळानं सत्तावीस वर्षं मागितली ती तिच्याच मरणानं जायची. खोटं सांगितलं तर पोरीला आई पुन्हा भेटणार नाही. दोन्हींतलं काय मोठं, हे ठरवायला त्याला कुणी दोन दिवस दिले नव्हते. बसला वीस मिनिटं होती.

"बरी हाय," शालिकराम म्हणाला. "जा तू."

बॅग त्यानंच उचलली. स्टँडवर नेऊन तिला खिडकीपाशी बसवलं, पाण्याची बाटली हातात दिली. बस सुटली तशी रुपालीनं खिडकीतून हात हलवला. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की शालिकरामला बघवेना. त्यानं मान खाली घातली.

नऊपर्यंत गोकुळा बोलत होती. मग तिला थकवा आला, मग ती आडवी झाली. दहाच्या सुमारास श्वास घरघरायला लागला आणि तिनं डोळे उघडून पहिल्यांदा म्हटलं, "रुपालीले बोलवा."

"येऊन राह्यली," शालिकराम म्हणाला.

रिना तिथंच होती. तिच्या लक्षात आलं. तिनं त्याला बाजूला ओढलं. "भाऊ, फोन लावा तिले. बस आता चंद्रपूरले पोचतच असन. उतरून परतीच्या गाडीत बसली त दीड-दोन तासांत येते."

शालिकरामनं खिशातून फोन काढला. रुपालीचं नाव पडद्यावर आणलं. खाटेवरून पुन्हा आवाज आला, "रुपाली." तो फोन हातात धरून उभा राहिला, इतका वेळ उभा राहिला की पडदा आपोआप काळा झाला. मग त्यानं फोन खिशात ठेवला.

"पेपर होऊ द्या," तो म्हणाला.

"अवो, तुमी माणूस हा का कोण हा?" रिनाला राहवलं नाही. तिसऱ्यांदा गोकुळानं पोरीचं नाव घेतलं तेव्हा रिनाच रडायला लागली. शालिकराम खाटेवर बसला, बायकोचं डोकं मांडीवर घेतलं आणि सांगत राहिला, "आली ते. स्टँडवर उतरली. पाळीवर आली. आता बोडीच्या पाण्यापाशी आली." गोकुळा दाराकडं बघत होती. पावणेबाराला तिचं बघणं तसंच राहिलं आणि श्वास थांबला.

गाव जमलं. दिवस मावळायच्या आत आटपायला हवं, असं जाणती माणसं म्हणायला लागली. शालिकराम म्हणाला, पोरगी येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, आणि पोरीला कुणी फोन करायचा नाही. त्याचा चेहरा बघून कुणी वाद घातला नाही.

सव्वातीनला रुपालीचाच फोन आला. "बाबा, पेपर लय चांगला गेला. अन् ऐका ना, ते दोन शब्द हायेत ना, त्याचाच प्रश्न आला. बरोबर आला माया." ती हसत होती. मागं गाड्यांचे आवाज होते. "आई काय करून राह्यली? द्या तिले फोन."

अंगणात पन्नास माणसं बसलेली.

"झोपली हाय," शालिकराम म्हणाला.

"मंग नोका उठवू. मी येतोच."

बस साडेपाचला आली. स्टँडवरून घरापुढची गर्दी दिसते. रुपाली पळाली नाही. एकेक पाऊल टाकत आली, गर्दीनं वाट दिली, ती आईच्या पायाशी बसली आणि तिची पावलं दोन्ही हातांत धरली. मग बापाकडं न बघता म्हणाली, "तुमाले सकाळीच समजलं होतं."

शालिकरामनं मान हलवली. तिनं बघितलं नव्हतं म्हणून त्याला तोंडानं म्हणावं लागलं, "हो."

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर नदीच्या काठावर दोघंच मागं राहिले होते. वैनगंगेला पाणी कमी होतं. रुपालीनं विचारलं, "आईनं माहं नाव घेतलं काय?"

इथं खोटं बोलला असता तर कुणी त्याला नाव ठेवलं नसतं. रिनानंही त्याला तसं बजावलं होतं, की पोरीला सांगा, झोपेतच गेली. पण त्या एका दिवसात तो पोरीशी दोनदा आणि मरत्या बायकोशी कितीतरी वेळा खोटं बोलला होता. आता त्याच्यानं होईना.

"तीनदा," तो म्हणाला.

रुपाली उठली आणि एकटीच गावाकडं चालायला लागली. त्यानं तिला हाक मारली नाही. कोणत्या तोंडानं मारणार?

जूनमध्ये निकाल लागला. यादीत रुपालीचं नाव होतं. नेमणूक मिळाली ती हेमलकशाच्याही पुढं, जंगलातल्या एका ऑफिसात. पावसाळ्यात तिकडचे नाले भरले की रस्ता बंद होतो, त्यामुळं येणंजाणं कमीच. खुर्ची मिळाली, टेबल मिळालं. मामाचं स्थळ मागं पडलं ते पडलंच. पोरगी बापाला विसरलेली नाही, हे मात्र सांगायला हवं. घराला पत्रे तिनं नवे घातले, त्याला चष्मा करून दिला, आणि दर रविवारी सकाळी न चुकता फोन करते. बोलते तीही नीट, आदरानं. भांडण असतं तर कधीतरी मिटलं तरी असतं.

शालिकराम आता साठीला आला. बाजाराला अजून जातो, पण पूर्वीसारखं बोट दाखवून सांगत नाही. कुणी विचारलं तर म्हणतो, तुमीच पाहून घ्या. गेल्या पावसाळ्यापासून त्याला दम लागतो. तलावाची पाळ चढताना दोनदा बसावं लागतं. दवाखान्यात गेलेला नाही, आणि हे रुपालीच्या कानावर जाऊ नये असं त्याला वाटतं. लेकरू इतक्या लांब, उगाच जिवाला घोर.

रविवारी फोन वाजतो तेव्हा तो सपरीत तयारच बसलेला असतो.

"कसे हा बाबा?"

"बरा हाओ."

"जेवण जाते?"

"जाते ना."

"दम गिम नाई ना लागत?"

"नाई. मस्त हाओ मी."

मग रुपाली म्हणते, "बरं. फोन रिनाकाकूले द्या जरा."

शालिकराम उठतो, कुंपणापाशी जातो आणि रिनाच्या हातात फोन देऊन मागं सरकून उभा राहतो. रिना त्याच्याकडं बघत बघत हळू आवाजात सांगायला लागते, आणि तो तिला थांबवत नाही.